चाळीस नावे आणि एक गिऱ्हाईक



गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने आम्हांस बडोद्यास जावे लागले. वसई रोडला रात्रीच्या गाडीत बसलो आणि पहाटे बडोद्याच्या फलाटावर उतरलो. आमची धाकटी बहीण तेथे सुभानपुऱ्यात राहते. तिचे यजमान चाळीस वर्षांपूर्वी आयपीसीएलच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि तेव्हापासून ते बिऱ्हाड तिकडचेच झाले. घरात आपली मराठी, जिन्यावर गुजराती, आणि मुले दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. सुभानपुरा म्हणजे शहराच्या पश्चिम अंगाची नोकरदारांची वस्ती. सोसायट्या, शिकवणीवर्ग, दवाखाने आणि फरसाणाची दुकाने यांनी ती गजबजलेली असते.

चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच बहीण म्हणाली, "दादा, लग्न संध्याकाळी आहे. आधी याचे काय करायचे ते सांग."

"याचे" म्हणजे आमच्या भाच्याचे. मुलगा सत्तावीस वर्षांचा, एका कचेरीत संगणकावर काम करतो, सुस्वभावी आहे. गेल्या वर्षापासून त्याने एक जोडधंदा आरंभिला आहे. तो नावे विकत घेतो व ती पुढे नफ्याने विकण्याची वाट पाहतो. अशी चाळीस नावे त्याने जमविली होती. आता आणखी साठ घ्यावयाची म्हणून आईच्या आवर्ती ठेवीतील एक लाख रुपये त्याने मागितले होते. ती ठेव धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी होती आणि फी जूनमध्ये भरावयाची होती.

ही नावे कसली, असे पुष्कळ वाचकांच्या मनात आले असेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. इंटरनेटवर प्रत्येक दुकानाला, शाळेला, वर्तमानपत्राला एक पत्ता असतो. तो पत्ता वास्तविक आकड्यांचा. परंतु आकडे कोणाच्या ध्यानात राहणार? म्हणून त्याला नाव देतात व त्या नावाला डॉट कॉम अथवा डॉट इन अशी शेपटी जोडतात. यालाच डोमेन नाव म्हणतात. हे नाव जो प्रथम मागेल त्यास मिळते. मात्र ते कोणाच्या मालकीचे होत नाही. तो भाडेपट्टा असतो, एका वेळी फार तर दहा वर्षांचा. फी भरण्याचे थांबविले की काही आठवड्यांची सवलत मिळते व नंतर नाव पुन्हा बाजारात येते. डॉट कॉमच्या शेपटीची पंधरा कोटींहून अधिक नावे आज नोंदलेली आहेत. तेव्हा सोपी, आखूड, गोड नावे केव्हाच गेली. ज्याला ती हवी असतात त्याने ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे जावे लागते, आणि येथूनच हा क्रयविक्रय सुरू होतो.

भाच्याने आपला पक्ष मोठ्या तयारीने मांडला. बिझिनेस डॉट कॉम हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला विकले गेले व दोनच वर्षांनी, १९९९ साली, तेच नाव पंचाहत्तर लाख डॉलरला गेले. चॅट डॉट कॉम हे नाव धर्मेश शहा या उद्योजकांनी २०२३ साली १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतले, आणि पुढल्याच वर्षी ते चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीकडे गेले. कच्छमधील मांडवीच्या एका तरुणाला तर २०१५ साली साक्षात गूगल डॉट कॉम हेच नाव बारा डॉलरला मिळाले होते. हे सर्व खरे आहे. मांडवीच्या तरुणाजवळ ते नाव मिनिटभरच राहिले, एवढेच भाच्याने सांगितले नाही. कंपनीने चूक ध्यानात येताच व्यवहार रद्द केला व त्यास बक्षीस दिले, जे त्याने धर्मादाय केले.

आम्ही त्याला काही बोललो नाही. आम्हांस बोलण्याचा फारसा अधिकारही नाही. नव्वदच्या दशकात सागाची झाडे लावून वीस वर्षांत लक्षाधीश करणाऱ्या एका योजनेत आम्हीही पैसे घातले होते. ते झाड आम्ही अद्याप पाहिलेले नाही. अशा वेळी माणसास लाभाच्या गोष्टी तेवढ्या ऐकू येतात. कारण ज्यांचे बुडाले ते सांगत फिरत नाहीत. आम्ही एवढेच म्हटले, "बाळा, यादी काढ."

यादी कागदावर उतरली. चाळीस नावांपैकी अकरा नावे सुभानपुऱ्याची व बडोद्याची होती. वस्तीच्या नावाला घरे, दवाखाने, शिकवणी, केटरिंग असे शब्द जोडलेले. सात-आठ नावे कृत्रिम बुद्धीच्या नव्या लाटेवरची. काही नावे अशी की त्यांचा अर्थ त्यालाही सांगता येईना. ऐकावयास बरी वाटली म्हणून घेतली, असे तो म्हणाला. चार नावे मोठ्या कंपन्यांच्या नावांशी जुळणारी. एक नाव लिलावात घेतलेले, जुने. उरलेली किरकोळ.

पहिल्या नावावर बोट ठेवून आम्ही विचारले, "हे कोण घेईल?"

"सुभानपुऱ्यात घरे विकणारा कोणीही."

"कोणीही नको. एक माणूस सांग."

तो विचारात पडला. तेव्हा आम्ही म्हटले, चल, सकाळची वेळ आहे, पाय मोकळे करून येऊ. मामा-भाचे मुख्य रस्त्याने निघालो आणि चार ठिकाणी उभे राहिलो. घरांचे दलाल होते, ते म्हणाले, आमची गिऱ्हाइके मोठ्या कंपन्यांच्या घरखरेदीच्या पानांवरून येतात. तेथे जाहिरातीचे पैसे भरतो, स्वतःचे पान काढून ते पाहणार कोण? फरसाणवाल्या काकांना प्रश्नच समजला नाही. समजल्यावर ते हसले व म्हणाले, माझा पत्ता म्हणजे हे कोपऱ्यावरचे दुकान आणि हा फोन. लोक नकाशात नाव बघतात आणि व्हॉट्सॲपवर पाच किलोची मागणी टाकतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पान आधीच होते, स्वतःच्या आडनावाचे. त्यांनी वस्तीचे नाव फुकट दिले तरी घेतले नसते. कारण उद्या दवाखाना अलकापुरीस हलविला तर काय करावयाचे?

चौथे गृहस्थ गणिताच्या शिकवण्या घेणारे. त्यांना मात्र पान काढावयाचे होते. भाच्याचे डोळे लकाकले. त्याने आपले नाव सांगितले. सर म्हणाले, "चांगले आहे. किती?" भाचा म्हणाला, "चाळीस हजार." सरांनी खिशातून फोन काढला, त्याच नावापुढे आपले आडनाव जोडून पाहिले, ते नाव रिकामे होते आणि वर्षाला हजार-बाराशे रुपयांत मिळत होते. त्यांनी फोन आमच्यासमोर धरला. पुढे काही बोलण्याची गरज राहिली नाही.

वाचकहो, या धंद्याचे मर्म त्या फोनच्या पडद्यावर होते असे आम्हांस वाटते. नावाची किंमत ते नाव किती सुंदर आहे यावर ठरत नाही. गिऱ्हाइकाला त्यावाचून चालवावयाचे झाल्यास दुसरी वाट किती महाग पडेल, यावर ठरते. आपल्याकडे बाजाराच्या नाक्यावरील जागेला भाव येतो तो शेजारी दुसरा नाका बांधता येत नाही म्हणून. शब्दांच्या बाबतीत बहुधा शेजारी दुसरा नाका बांधता येतो; एक अक्षर, एक आडनाव, एक वेगळी शेपटी जोडली की झाला. ज्या नावाला असा पर्याय निघत नाही, ते नाव महाग. चॅट या शब्दाला इंग्रजीत दुसरा चॅट नाही, आणि तो शब्द हवा असणाऱ्या धनाढ्य कंपन्या एकाहून अधिक आहेत. गणिताच्या सरांना मात्र आडनाव आहे.

घरी आल्यावर दुसरी परीक्षा बहिणीने घेतली, आणि तीही नकळत. ती स्वयंपाकघरातून विचारीत होती, "नाव तरी काय काय घेतलंयस?" भाच्याने नावे मोठ्याने सांगितली व आम्ही तिच्या हाती कागद देऊन म्हटले, ऐकशील तसे इंग्रजीत लिही. सुभानपुऱ्यातील "सु" तिने दोन "ओ" घालून लिहिला. "भा" मध्ये एक "ए" की दोन, यावर तिने स्वतःच प्रश्नचिन्ह केले. पंधरा नावांपैकी सहा बरोबर आली. या व्यवहारातले लोक याला रेडिओची परीक्षा म्हणतात. रेडिओवर एकदा ऐकून जे नाव बिनचूक लिहिता येत नाही, त्याचे अर्धे मोल तेथेच गळते. आपल्या भाषांतील शब्द रोमन लिपीत लिहावयाचे म्हटले की हा पेच नेहमीचाच. २०१४ साली देवनागरीत डॉट भारत अशी शेपटी सुरू झाली व मराठीत शुद्ध नाव लिहिण्याची सोय झाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अद्याप लोकांची बोटे रोमन अक्षरांवरच फिरतात, म्हणून पुनर्विक्रीसाठी त्या नावांना मागणी थोडी.

भाच्याच्या यादीत बडोदे शहराचे नाव दोन प्रकारे होते: इंग्रजी "बरोडा" आणि "वडोदरा". कोणते अधिक मोलाचे, असे त्याने विचारले. हा प्रश्न आम्हांस फार आवडला, कारण याचे उत्तर त्या शहरातच पडलेले आहे. शहराचे अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झाले. त्याला पन्नास वर्षे उलटली. तरी रेल्वेच्या तिकिटावर स्थानकाची खूण "बीआरसी" आहे, रणजी करंडकात संघ "बरोडा" म्हणून खेळतो, आणि महाराज सयाजीराव गायकवाडांनी २० जुलै १९०८ रोजी स्थापिलेली बँक ऑफ बडोदा आपले जुने नाव घेऊन देशभर उभी आहे. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक तिच्यात विलीन झाल्या. ती दोन नावे गेली, बडोदा राहिले. दुसरीकडे आमच्या मेहुण्यांची आयपीसीएल पाहा. १९६९ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली आणि ज्या नावावर हजारो संसार चालले ते नाव कागदोपत्री संपले. कोणते नाव टिकेल हे सरकारी राजपत्र एकटे ठरवीत नाही व नावाचे वयही ठरवीत नाही. ते रोज कोण वापरतो, त्यावर ठरते. आपल्या राज्यात औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा नवी नावे नोंदवून ठेवण्याचा मोह पुष्कळांस झाला असेल. पण लांब नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिता येते, त्यापैकी लोक कोणती उचलतील हे आधी कोणास सांगता येते?

आता त्या चार नावांकडे येतो, जी पाहून आम्ही खरोखर चिंतित झालो. त्यांतील एक बँकेच्या नावाला एक शब्द जोडून केलेले होते. भाचा म्हणाला, "मामा, उद्या त्यांना लागले तर तेच मागायला येतील."

ते येतील, पण वकिलाची नोटीस घेऊन येतील. बँकांच्या बाबतीत तर हा मार्ग आता पुरताच बंद झाला आहे. लोकांना खोट्या पानांवर नेऊन लुबाडण्याचे प्रकार वाढले म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केले की भारतातील बँकांसाठी डॉट बँक डॉट इन ही स्वतंत्र शेपटी राहील, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तिकडे जावे असा आदेश दिला. ही शेपटी बँकेवाचून दुसऱ्या कोणास मिळत नाही. तेव्हा बँकेचे नाव असलेली बाहेरची नोंदणी कोणती बँक विकत घेणार? उलट असे नाव हाती असणे म्हणजे संशयास कारण देणे.

कायदा याविषयी बराच स्पष्ट आहे, व तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. १९९९ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात रेडिफ कंपनीचा दावा चालला. प्रतिवादीने एक अक्षर बदलून "रॅडिफ" असे नाव घेतले होते. न्यायालयाने त्यास मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोमेन नाव हा केवळ पत्ता नसतो. व्यापारी चिन्हाला मिळते तसे संरक्षण त्यालाही मिळू शकते. न्यायालयाची पायरी न चढताही लवादाकडे तक्रार करता येते. डॉट कॉमसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय नियम आहेत व डॉट इनसाठी आपल्या देशाचे आहेत. त्या आंतरराष्ट्रीय नियमांतील एक कलम आम्ही भाच्याला दोनदा समजावून सांगितले. दुसऱ्याच्या व्यापारी नावाचे डोमेन त्यालाच वाढीव किंमतीस विकण्याच्या हेतूने घेतले असेल, तर तो हेतूच अप्रामाणिकपणाचा पुरावा धरला जातो. म्हणजे "इतके लाख द्या व नाव घ्या" असे जे पत्र त्याने कंपनीस लिहावयाचे मनात योजिले होते, तेच पत्र त्याच्या विरुद्ध पहिला कागद ठरले असते. नाव जाते आणि भरपाई एक पैसा मिळत नाही.

"मग जिओहॉटस्टारचे काय?" त्याने विचारले. ते प्रकरण वाचकांच्या वाचनात आले असेल. दिल्लीच्या एका तरुणाने या दोन कंपन्या एकत्र येतील असा तर्क करून २०२३ साली ते नाव नोंदविले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, विलीनीकरणाच्या वेळी, केंब्रिजमधील आपल्या शिक्षणाची फी कंपनीने द्यावी अशी जाहीर मागणी केली. तर्क अगदी बरोबर होता. परंतु कंपनीने नकार दिला व कायद्याची भाषा केली. पुढे ते नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी कंपनीस ते विनामूल्य देऊ केले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच नावाची सेवा सुरू झाली. भविष्य अचूक वर्तविणाऱ्या तरुणाच्या पदरी त्या कंपनीकडून काहीच पडले नाही.

आपल्या वाचकांस जवळचे वाटेल असे आणखी एक उदाहरण आहे. २००५ च्या एप्रिलच्या आरंभी, पोप दुसरे जॉन पॉल अखेरच्या आजारात असताना, अमेरिकेतील रॉजर्स कॅडनहेड नावाच्या लेखकाने नवे पोप कोणते नाव धारण करतील याचा अंदाज बांधून काही नावे नोंदविली. १९ एप्रिलला निवड झाली आणि त्यांतील बेनेडिक्ट सोळावे हे नाव बरोबर निघाले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी विचारले, आता काय मागणार? त्याने गमतीने व्हॅटिकनजवळ तीन दिवस राहण्याची सोय मागितली, पोपमहाशयांसारखी टोपी मागितली, आणि १९८७ सालच्या मार्चमधील एका आठवड्याबद्दल पापक्षमा मागितली. जगातील कॅथलिकांना व स्वतःच्या आजीला दुखविण्याची आपली इच्छा नाही, असेही तो म्हणाला. शेवटी ते पान त्याने एका धर्मादाय संस्थेकडे वळविले. त्याच यादीत लिओ चौदावे हेही नाव होते. ते ८ मे २०२५ रोजी, वीस वर्षांनी, खरे ठरले. व्हॅटिकनला यातील एकही नाव विकत घेण्याचे कारण नव्हते. त्याची स्वतःची शेपटी, डॉट व्हीए, १९९५ पासून त्याच्याकडे आहे.

जेवणानंतर आम्ही हिशेबाची वही मागितली. पहिल्या वर्षी सवलतीच्या दरात मिळालेली नावे दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने चालू ठेवावी लागतात, हे भाच्याने मनावर घेतले नव्हते. डॉट कॉमची घाऊक फीच २०२४ च्या सप्टेंबरापासून वर्षाला १०.२६ डॉलर झाली. त्यावर विक्रेत्याचा नफा व कर. नावामागे सुमारे बाराशे रुपये धरले तर चाळीस नावांचे वर्षाला ४८,००० रुपये होतात. या धंद्यात मुरलेली माणसे सांगतात की शंभर नावांतून वर्षाला एक-दोन विकली गेली तर ठीक चालले म्हणावे. दोन धरू. म्हणजे चाळीस नावांतून सव्वा वर्षाला एक विक्री. सव्वा वर्षाचा खर्च ६०,००० रुपये. विक्रीच्या बाजारपेठा शेकडा पंधरा ते वीस दलाली घेतात. तेव्हा प्रत्येक विकलेले नाव ७० ते ७५ हजारांस गेले तरच तोटा होणार नाही. नफा त्याच्या पुढे. भाच्याने सकाळी सरांना चाळीस हजार सांगितले होते. त्याने पेन खाली ठेवले.

लिलावात घेतलेल्या जुन्या नावाचा इतिहास आम्ही त्यालाच पाहावयास लावला. इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक संस्था १९९६ पासून जगातील पाने साठवून ठेवते, व कोणत्या पत्त्यावर कोणत्या साली काय होते ते तेथे पाहता येते. त्या नावावर तीन वर्षे जुगाराचे पान होते. विवाह जमविणाऱ्या संस्थेस विकण्याच्या हेतूने ते घेतलेले! हे पाहावयास दहा मिनिटे लागली. लिलावापूर्वीही दहाच लागली असती.

एवढे झाल्यावर आम्हांस वाटले, प्रश्न मिटला. तेव्हा भाच्याने हळूच फोन पुढे केला. "मामा, पण हे पाहा." परदेशातील एका गृहस्थाचा ई-मेल होता. भाच्याच्या एका नावास सहा हजार डॉलर देण्याची तयारी होती, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. घाई आहे, एवढेच की आमच्या भागीदारांस नावाच्या मूल्यांकनाचा दाखला लागतो. अमुक ठिकाणाहून तो काढून घ्यावा, फी एकशे ऐंशी डॉलर, ती आपण किंमतीत वळती करू. आईकडे लाख मागण्याचे धैर्य आले होते ते या पत्रातून. साठ नवी नावे याच भरवशावर.

बहीण आमच्याकडे पाहत होती. कोणते नाव, असे आम्ही विचारले. ज्याचा अर्थ त्यालाही सांगता आला नव्हता, त्यांपैकी ते एक होते.

ही युक्ती जुनी आहे. नाव घेण्याची इच्छा खोटी असते. दाखला विकणारा व नाव मागणारा यांचे संधान असते, किंबहुना बहुधा एकच माणूस दोन टोप्या घालून बसलेला असतो. खऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने काढलेल्या दाखल्याचा काय उपयोग? ज्याला बैल घ्यावयाचा असतो तो स्वतः दात पाहतो, बैलवाल्याला दाताचा दाखला आणावयास पाठवीत नाही. पूर्वी कोणते नाव कितीस गेले याच्या उघड नोंदी नेमबायोसारख्या ठिकाणी कोणासही पाहता येतात. आणि व्यवहार करावयाचा तर त्याची रीत ठरलेली आहे. गिऱ्हाईक पैसे तिऱ्हाइताकडे ठेवतो, त्याला एस्क्रो म्हणतात. पैसे जमा झाल्याची खातरी विक्रेता स्वतः करून घेतो, मग नाव हस्तांतरित करतो, मग पैसे सुटतात. तो तिऱ्हाईतही गिऱ्हाइकाने पाठविलेल्या दुव्यावरून गाठावयाचा नाही. आपण स्वतः शोधून गाठावयाचा. विकणाऱ्याने विक्रीपूर्वी परक्या माणसाच्या सांगण्यावरून पैसे भरावयाचे असा या रीतीत कोठेही प्रसंग येत नाही.

भाचा मानेना. सहा हजार डॉलर एकदा डोळ्यांनी पाहिले की ते सुटत नाहीत. आम्हांस सागाची झाडे सुटली नव्हती. शेवटी आम्ही म्हटले, तू पत्र लिही: दाखल्याची फी आपणच भरावी, ती किंमतीतून वजा करण्यास माझी हरकत नाही, आणि उरलेली रक्कम माझ्या पसंतीच्या एस्क्रोत ठेवावी. त्याने ते रात्री लग्नाहून परतल्यावर लिहिले.

दुसऱ्या दिवशी यादीवर काट मारण्याचे काम बसले. कंपन्यांची चारही नावे पुढे चालू ठेवावयाची नाहीत व मधल्या काळात कोणास विकावयास काढावयाची नाहीत, हे ठरले. अर्थ नसलेली गेली. कृत्रिम बुद्धीच्या लाटेवरचीही बहुतेक गेली, कारण तसल्या नावांचा नुसता पूर आला आहे. वस्तीच्या नावांपैकी एकही राहिले नाही. पाच राहिली. त्यांतील एक आम्हांस खरोखर बरे वाटले. गच्चीवरील सौर पट्ट्या धुऊन देणाऱ्या धंद्याचे ते नाव होते, दोन साधे इंग्रजी शब्द, उच्चारताच लिहिता येतील असे. गुजरातेत घरांच्या गच्च्यांवर अशा पट्ट्या पुष्कळ. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली तेव्हापासून त्या अधिकच वाढल्या. धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून धुणारे निघाले. हे काम करणारे एक-दोन नाहीत, अनेक आहेत. सध्याची त्यांची नावे लांबलचक आहेत, आणि एका सोसायटीचे वर्षाचे काम मिळाले तरी नावाची किंमत निघते. ते नाव भाच्याला कोठे सुचले? समोरच्या गच्चीवर एक माणूस पट्ट्या धूत होता, त्याला पाहून. उरलेली पस्तीस नावे फोनकडे पाहून सुचली होती.

त्याची किंमत काय ठेवावी यावर बरीच चर्चा झाली. त्याला दोन लाख वाटत होते. आम्ही म्हटले, असा धंदा करणाऱ्याजवळ एक टेम्पो, एक पंप आणि तीन माणसे असतात; नावासाठी तो पंपाच्या किंमतीहून अधिक देणार नाही. वीस-पंचवीस हजारांवर एकमत झाले.

आवर्ती ठेव आहे तेथेच राहिली. आम्ही बडोदे सोडीपर्यंत परदेशच्या गृहस्थाचे उत्तर आले नव्हते, आणि त्यानंतरही आलेले नाही. घाई त्यालाच होती, असे त्याने लिहिले होते.

गेल्या रविवारी मात्र भाच्याचा फोन आला. सौर पट्ट्यांच्या नावाबद्दल आणंद येथून कोणी विचारणा केली होती.

"मामा, नऊ हजार म्हणतो. खरे असेल का?"

"आधी काही भरावयास सांगितले आहे का त्याने?"

"नाही. दाखला नाही, फी नाही. एवढेच म्हणतो, फार महाग आहे, कमी करा."

"मग गिऱ्हाईक खरे आहे," आम्ही म्हटले. "पंधरा सांग."